कोनशिलेवर प्रेस्बिटेरियन, कमानीवर सीएनआय: एका मंडळीची नाती

माझे आजोबा घरात आजोबा होते आणि चर्चमध्ये वडील. लहानपणी मला याचा उलगडा होत नसे. रविवारची भक्ती संपली की पाळकसाहेब म्हणायचे, “मंडळीच्या वडिलांनी जरा थांबावं,” आणि पाच-सहा जण पुढच्या बाकाकडे जायचे. त्यांत आजोबा, रेल्वेतले एक निवृत्त गार्ड, एक कंपाउंडर आणि मिशन शाळेतल्या एक बाई. बाई ‘वडील’ कशा, हा आणखी एक प्रश्न. आजी म्हणायची, “अरे, तो मान आहे. आता कमिटी म्हणतात, पण आमच्या तोंडातला जुना शब्द जात नाही.”

हा जुना शब्द आज आठवायचं कारण म्हणजे चर्चच्या जमिनींचे वाद. अशी बातमी आली की बिगरख्रिस्ती मित्र मनापासून विचारतात: तुमचं चर्च पोपच्या हाताखाली आहे का? नसेल तर अमेरिकेच्या? कोनशिलेवर ‘प्रेस्बिटेरियन मिशन’ कोरलंय, कमानीवर ‘सीएनआय’ (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) रंगवलंय आणि आत पाटीवर पाळकांच्या नावाखाली ‘प्रेस्बिटर इन चार्ज’ लिहिलंय. मग हे चर्च नक्की कुणाचं?

प्रश्न रास्त आहे, आणि आमच्यातल्याही अनेकांना त्याचं उत्तर धड देता येत नाही. म्हणून हा लेख.

चर्च चालवायच्या तीन तऱ्हा

एक शब्द आधी पक्का करू. ‘चर्च’ म्हटलं की आपल्याला इमारत दिसते. मराठी ख्रिस्ती माणूस मात्र ‘मंडळी’ म्हणतो, म्हणजे माणसं. इमारत पडली तरी मंडळी असते.

मंडळीचा कारभार कुणी पाहायचा, याच्या जगात ढोबळमानाने तीन तऱ्हा आहेत. पहिली बिशपची. कलेक्टरकडे जिल्हा असतो तसा बिशपकडे धर्मप्रांत असतो आणि अधिकार वरून खाली येतो. रोमन कॅथलिक आणि अँग्लिकन चर्च या तऱ्हेची. दुसरी स्वतंत्र मंडळीची. हाउसिंग सोसायटीची जनरल बॉडी जशी आपलं आपण ठरवते, तशी प्रत्येक मंडळी स्वतःची मालक. तिला कॉंग्रिगेशनल म्हणतात. अहमदनगरचं अमेरिकन मराठी मिशन या वळणाचं होतं.

तिसरी तऱ्हा प्रेस्बिटेरियन. ग्रीक भाषेत ‘प्रेस्बिटेरोस’ म्हणजे वयाने मोठा, वडीलधारा माणूस. मराठी बायबलात या जागी ‘वडील’ शब्द येतो. वडिलांनी मिळून चालवलेली मंडळी ती प्रेस्बिटेरियन. माझ्या आजोबांच्या त्या उपाधीत संप्रदायाचं आख्खं नावच होतं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

गाव, तालुका, जिल्हा

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ही व्यवस्था समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशी उतरंड आहे. प्रेस्बिटेरियन चर्चचं साधारण तसंच. सगळ्यांत खाली मंडळी. ती आपले वडील निवडते; वडील आणि पाळक मिळून स्थानिक कारभार पाहतात आणि त्या बैठकीला सेशन म्हणतात. आसपासच्या मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी. अनेक प्रेस्बिटरींची मिळून सिनड. सगळ्यांत वर महासभा, म्हणजे जनरल असेंब्ली. काही देशांत मधली एखादी पायरी नसते. स्कॉटलंडच्या चर्चने 1990च्या दशकात सिनड बंदच केल्या.

वरच्या प्रत्येक पायरीवर पाळक आणि वडील बरोबरीने बसतात. मत दोघांचं सारखंच. अध्यक्षाला मॉडरेटर म्हणतात. स्कॉटलंडच्या महासभेचा मॉडरेटर एका वर्षासाठी असतो, वर्ष संपलं की पायउतार. सत्ता एका माणसाच्या हातात साचू नये यासाठी हा सगळा खटाटोप. वडील होताना प्रार्थना होते, अनेक ठिकाणी डोक्यावर हात ठेवून, आणि शपथ घ्यावी लागते. पण दुसऱ्या दिवशी तो माणूस पुन्हा आपल्या दुकानात किंवा वर्गात असतो. धर्माचा कारभार असा पोटापाण्याला लागलेल्या माणसांच्या हाती देणं हे मला या पद्धतीचं सर्वांत मोठं धाडस वाटतं.

पंचायतीची उपमा एका जागी मात्र तुटते. प्रेस्बिटरीत गेलेला वडील आपल्या गावाचा वकील नसतो. गावाने “असंच मत दे” म्हणून त्याला बांधून पाठवायचं नाही. तिथे बसून, ऐकून, प्रार्थना करून जे योग्य वाटेल ते त्याने ठरवायचं.

बाहेरच्यांनाच काय, आतल्यांनाही चकवणारी बाब म्हणजे पाळकाचं सदस्यत्व मंडळीत नसतं, ते प्रेस्बिटरीत असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आठवा. ते गावात राहतात, गावची मुलं शिकवतात, गावाच्या सुखदुःखात असतात. पण त्यांचं सर्व्हिस बुक जिल्हा परिषदेत. गावाला राग आला म्हणून सरपंच त्यांना काढू शकत नाही. पाळकाचं तसंच आहे, फक्त इथे गुरुजी निवडायचा हक्क गावाला आहे. मंडळी पाळकाला बोलावणं धाडते, प्रेस्बिटरी त्याला पारखून नेमते. लगाम दोघांच्या हातात. सेशनची दप्तरंही प्रेस्बिटरी तपासते, आणि सेशनचा निवाडा पटला नाही तर साधा सभासदसुद्धा वर दाद मागू शकतो.

एखादी स्थानिक मंडळी ‘संप्रदायाशी जोडलेली आहे’ म्हणजे काय, तर हे सगळं. तो नुसता पाटीवरचा ब्रँड नाही. पाळक कुठून येणार, तंटा कोण सोडवणार, दप्तर कोण पाहणार, सगळं त्या नात्यावर ठरतं.

नेमणुकीच्या हक्कावरून देशाचं चर्च फुटलं

या व्यवस्थेचं बीज सोळाव्या शतकातल्या जिनिव्हात आहे. तिथे जॉन कॅल्विनने 1541 साली पाळक, शिक्षक, वडील आणि सेवक अशी चार प्रकारची कामं नेमून दिली. ते पाहून आलेल्या जॉन नॉक्सने 1560 नंतर स्कॉटलंडमध्ये ती पद्धत रुजवली. तिथे प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरसाच्या विधीच्या, आधी वडील घरोघर फिरत, लोकांची विचारपूस करत आणि धातूचा एक छोटा बिल्ला देत. तो बिल्ला दाखवल्याशिवाय मेजापाशी बसता येत नसे. वडिलांचा वचक आणि जिव्हाळा दोन्ही त्या बिल्ल्यात होतं.

पण खरी कसोटी लागली 1843 मध्ये. पाळक निवडायचा हक्क मंडळीचा हे तत्त्व झालं. कायद्याने मात्र अनेक ठिकाणी तो हक्क जमीनदाराकडे होता. मंडळी नको म्हणत असतानाही जमीनदाराचा माणूस पाळक म्हणून लादला जाई, आणि कोर्टं जमीनदाराच्या बाजूने निकाल देत. दहा वर्षं ही कुरबुर चालली. शेवटी 18 मे 1843 रोजी एडिंबरात महासभा भरली असताना थॉमस चाल्मर्स आणि त्यांचे सहकारी उठून बाहेर पडले. बाराशेच्या आसपास पाळकांपैकी साडेचारशेहून अधिक त्यांच्यामागे गेले. राहती घरं, पगार, चर्चच्या इमारती, सगळं मागे टाकून त्यांनी ‘फ्री चर्च’ उभारलं.

त्याचे पडसाद थेट आपल्याकडे उमटले. स्कॉटिश चर्चचे भारतातले मिशनरी फ्री चर्चकडे गेले. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांना आपल्या शिक्षणसंस्थेची इमारत सोडून नव्याने सुरुवात करावी लागली. मुंबईत जॉन विल्सन यांनीही हीच वाट धरली. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे, तेच हे विल्सन.

कोकण, मुंबई, कोल्हापूर

स्कॉटिश मिशनरी कोकणात पोचले 1823 साली. बाणकोट, हर्णे ही त्यांची पहिली ठाणी. विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी प्रेस्बिटेरियन पद्धतीची मंडळी स्थापली. पुणे, जालना, नागपूर इथे पुढे स्कॉटिश मिशनचं काम वाढलं. जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री हे 1843 साली बाप्तिस्मा घेतलेले मराठी पाळक. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाचं.

कोल्हापूरची कथा निराळी, आणि आपल्या विषयाला ती फार जवळची आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा शाळांवर भर. त्यांना पाठवणाऱ्या बोर्डाचं धोरण वेगळं. खटके उडाले आणि बोर्डाशी नातं तुटलं. 1861 मध्ये वाइल्डर कुठल्याही बोर्डाच्या पाठबळाशिवाय कोल्हापुरात परतले आणि एकट्याच्या हिमतीवर त्यांनी काम चालवलं. शेवटी 1870 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते काम आपल्याकडे घेतलं. पुढे रत्नागिरी, कोडोली, सांगली, मिरज, वेंगुर्ला अशी ठाणी जोडली गेली. नऊ-दहा वर्षं एकाकी राहिलेलं काम एका मोठ्या चर्चशी जोडलं गेल्यावर पाच-सहा गावांत पसरलं. संप्रदायाशी नातं असण्याने काय फरक पडतो, ते इथे दिसतं.

कोणत्या मिशनने कोणता मुलूख सांभाळायचा याची वाटणी त्यांनी आपसात केली होती, एकमेकांच्या शेतात नांगर घालायचा नाही म्हणून. त्यामुळे कोल्हापूरकडचा जुना प्रोटेस्टंट बहुधा प्रेस्बिटेरियन घडणीचा आणि नगरकडचा कॉंग्रिगेशनल. त्यात त्या माणसाची निवड फारशी नव्हती.

‘मिशन’ म्हणजे नेमकं काय?

मराठीत ‘मिशन’ म्हटलं की कंपाउंडची भिंत, जुनी झाडं आणि दवाखाना डोळ्यांपुढे येतो. मूळ अर्थ ‘पाठवणी’. प्रेस्बिटेरियन विचारानुसार ही पाठवणी एखाद्या हौशी मिशनऱ्याची नसते, सबंध मंडळीचीच असते. रविवारी जमायचं आणि सोमवारी पसरायचं.

विल्यम वान्लेस हे तरुण कॅनेडियन डॉक्टर 1889 मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डातर्फे इकडे आले. 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं राहिलं, तीन वर्षांत वैद्यकीय शाळाही सुरू झाली. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची; तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. आमच्या घरातल्या जुन्या माणसांना मिरजेचं ‘मिशन’ म्हणजे आशेची शेवटची जागा वाटायची. “मिरजेला नेऊन बघा,” हे वाक्य तेव्हा दक्षिण महाराष्ट्रात आणि पलीकडे कर्नाटकातही कुठल्याही जातिधर्माच्या घरात ऐकू यायचं. मिरज आज डॉक्टरांचं गाव म्हणून ओळखली जाते, तिच्या पायाभरणीत हा दगड आहे.

पण मिशन म्हणजे मोठी इमारतच असं नाही. मला भावतं ते मिझोरमचं उदाहरण. तिथे वेल्श मिशनऱ्यांमुळे प्रेस्बिटेरियन चर्च रुजलं. तिथल्या वडिलांना ‘उपा’ म्हणतात आणि नावाआधी ते आदराने लावतात. 1910 पासून तिथे एक रीत आहे, ‘बुहफाय थाम’, म्हणजे मूठभर तांदूळ. घरातली बाई जेवणाचा तांदूळ मोजून घेते आणि चुलीवर चढवण्याआधी त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते. तो तांदूळ मंडळीतल्या बायका घरोघरून गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसा चर्चच्या कामाला लागतो. अशा देणग्यांच्या बळावर मिझोरमचं चर्च आज स्वतः देशभर मिशनरी पाठवतं. एकेकाळी वेल्समधून माणसं येत होती, आता मिझो मुलंमुली मैदानी मुलखात शाळा चालवायला जातात. आमच्या मंडळ्यांनी हे शिकायला हवं असं मला कळकळीने वाटतं. परदेशी बोर्डाने उभारलेल्या इमारती सांभाळता सांभाळता आम्ही मुठीचं बळ विसरलो.

मग सीएनआय कुठून आलं?

स्कॉटलंडमधल्या भांडणाचं ओझं मराठी माणसाने का वाहायचं? स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, आयरिश प्रेस्बिटेरियन, अमेरिकन प्रेस्बिटेरियन हे भेद इथल्या मातीतले नव्हतेच. त्यामुळे एकत्र येण्याची ओढ इथल्या मंडळ्यांत लवकर जागी झाली. 1904 मध्ये भारतातल्या अनेक प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी मिळून एक चर्च केलं. 1924 मध्ये त्यात कॉंग्रिगेशनल मंडळ्या मिळाल्या आणि ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झालं. अशा रीतीने कोल्हापूर आणि नगर एका छपराखाली आले. मग 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात हे चर्च, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, मेथॉडिस्टांची एक शाखा आणि डिसायपल्स असे सहा प्रवाह मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’, म्हणजे सीएनआय स्थापन झालं.

या संगमात प्रत्येकाने काही सोडलं, काही आणलं. प्रेस्बिटेरियनांनी बिशप स्वीकारला. अँग्लिकनांनी निवडून आलेल्या सभांना बिशपइतकंच महत्त्व दिलं. सीएनआयचा प्रमुख बिशपच असतो, पण त्याच्या पदाचं नाव मॉडरेटर, आणि सर्वोच्च सभेचं नाव सिनड. हे दोन्ही शब्द प्रेस्बिटेरियन घरातले. आणि ‘प्रेस्बिटर’? तो शब्द वडिलांकडून सरकून पाळकांकडे गेला. पाटीवरचं ‘प्रेस्बिटर इन चार्ज’ म्हणजे आताच्या भाषेत प्रभारी पाळक. ती मंडळी आज प्रेस्बिटेरियन आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

सगळेच प्रेस्बिटेरियन या विलीनीकरणात आले नाहीत. ईशान्येचं ‘प्रेस्बिटेरियन चर्च ऑफ इंडिया’ आजही स्वतंत्र आहे; त्याचं मुख्यालय शिलाँगला. आणि जे आले त्यांच्यातही काही गट नंतर नाराज झाले, बाहेर पडले, कोर्टात गेले.

“हुकूम परदेशातून येतात का?”

नाही. प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत पोप नाही, जागतिक मुख्यालय नाही. त्या त्या चर्चची महासभा हीच शेवटची पायरी. सुधारित, म्हणजे कॅल्विनच्या वळणाच्या, परंपरेतल्या चर्चची एक जागतिक सहभागिता आहे, पण ती भाऊबंदांच्या मेळाव्यासारखी. हुकूम सोडायचा अधिकार तिला नाही. पैसा मात्र एकेकाळी मोठ्या प्रमाणात परदेशातून येत होता, हे खरंच आहे. मिरजेच्या खाटा आणि कोल्हापूरच्या शाळा परदेशातल्या मंडळ्यांनी गोळा केलेल्या वर्गणीवर उभ्या राहिल्या. आज परदेशी देणगी घ्यायची तर केंद्राच्या एफसीआरए कायद्याखाली परवाना आणि हिशेब दोन्ही लागतात.

“सेवा हे धर्मांतराचं आमिषच ना?”

मिशनऱ्यांना लोक ख्रिस्ती व्हावेत असं वाटत होतं. ते लपवत नव्हते, आपणही लपवू नये. विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी 1839 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबईत केवढा गदारोळ झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, पालकांनी मुलं काढून घेतली. तरी विल्सन मागे हटले नाहीत. पण औषध किंवा शिक्षण यांवर बाप्तिस्म्याची अट असती तर मिरज आणि विल्सन कॉलेज ज्यांच्यासाठी होतं त्यांच्यातले बहुतेक आज ख्रिस्ती दिसले असते. ते तसे नाहीत, हे कुणालाही डोळ्यांनी दिसतं. आणि जे ख्रिस्ती झाले, त्यांतले कितीतरी गावकुसाबाहेरचे होते. त्यांना पाटी-पेन्सिल आणि बसायला बाक मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. जात मंडळीत शिरलीच नाही असं मात्र म्हणवत नाही. ती सोयरिकीच्या वेळी अजूनही डोकं वर काढते.

“एवढी भांडणं आणि एवढ्या फांद्या कशाला?”

सगळं मतदानाने ठरवायचं आणि प्रत्येकाच्या सदसद्विवेकाला मान द्यायचा, म्हटलं की फुटीचा धोका आलाच. अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावर प्रेस्बिटेरियन चर्च उत्तर-दक्षिण फुटलं आणि पुन्हा एक व्हायला 1983 उजाडलं. दरम्यान 1973 मध्ये दक्षिणेतून आणखी एक चर्च बाहेर पडलंच. तिथे स्त्रियांना आजही पाळक किंवा वडील होता येत नाही. स्कॉटलंडच्या चर्चने 1966 मध्ये स्त्रियांना वडील आणि 1968 मध्ये पाळक होण्याची वाट मोकळी केली. आजोबांच्या शेजारी बसणाऱ्या त्या बाईंचा मान असा बऱ्याच वादांतून आलेला होता.

जमीन कुणाची?

आता मूळ प्रश्न. अमेरिकेत हा प्रश्न फार जुना आहे. लुईव्हिलच्या वॉलनट स्ट्रीट प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये गुलामगिरीवरून दोन गट पडले. तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1872 मध्ये सांगितलं की अशा चर्चमध्ये वरच्या सभेचा निर्णय कोर्टाने मानावा. 1979 मध्ये दुसऱ्या एका प्रेस्बिटेरियन चर्चच्या खटल्यात त्याच कोर्टाने म्हटलं की खरेदीखत, घटना, ट्रस्टची कागदपत्रं पाहूनही निकाल देता येईल. त्यानंतर तिथल्या सर्वांत मोठ्या प्रेस्बिटेरियन चर्चने आपल्या घटनेत स्पष्टच लिहून ठेवलं की स्थानिक मंडळीची मालमत्ता संपूर्ण संप्रदायासाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे.

आपल्याकडे चर्चची मालमत्ता सहसा सार्वजनिक ट्रस्टच्या, नाहीतर वेगळ्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर असते. 1970 मध्ये सिनडांनी, सभांनी विलीनीकरणाचे ठराव केले. जमीन त्या ठरावाने आपोआप सीएनआयची झाली का? गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये सांगितलं की नाही, नुसता विलीनीकरणाचा ठराव पुरत नाही. ट्रस्टची मालमत्ता हलवायची तर मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातली प्रक्रिया पार पाडावी लागते. तो निकाल प्रेस्बिटेरियनांविषयी नव्हता, पण 1970च्या संगमात आलेल्या प्रत्येक मंडळीला त्याने आपली कपाटं उघडायला लावली.

उपासना कुणाबरोबर करायची हे मंडळी ठरवते, पाळकाच्या नेमणुकीवर शेवटचा शब्द वरच्या सभेचा, आणि जमिनीचं उत्तर तिसऱ्याच कपाटात असतं. तेव्हा पुढच्या वेळी चर्चच्या जमिनीची बातमी वाचाल तेव्हा कोनशिला आणि कमान दोन्ही बाजूला ठेवा. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्या ट्रस्टचं शेड्यूल वन, म्हणजे विश्वस्त आणि मालमत्तेची सरकारी नोंद, काढा. विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत, शेवटचा चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या नोंदीतल्या बदलाचा अर्ज, कधी मंजूर झाला, सातबाऱ्यावर किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर कुणाचं नाव आहे, ते पाहा. आमच्या मंडळीचं शेड्यूल वन मी काढलं तेव्हा विश्वस्तांत निवर्तलेल्या दोघांची नावं तशीच होती. त्यांतलं एक आजोबांचं.